दार लिंपून घेणारी आई

आखाजी जवळ आली की खानदेशातल्या सासुरवाशिणींना माहेरची ओढ लागते. नरडाणा असो, शिंदखेडा असो की अमळनेर, गल्लीतल्या कडुनिंबाला झोके चढतात, गौराई बसते आणि वर्षभर घरकामात जुंपलेल्या लेकी चार दिवस माहेरच्या सावलीत मोकळ्या होतात. नेमक्या याच दिवसांत, चैत्र-वैशाखाच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत दुसरी एक माय स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते. दार तिने आपल्या हाताने, म्हणजे आपल्या चोचीने लिंपलेले असते. उघडी ठेवलेली असते ती फक्त एक उभी फट. त्या फटीतून तिचा जोडीदार तिला दिवसभर घास भरवत राहतो.

ही कुठल्या कहाणीतली राजकन्या नव्हे, मैत्रिणींनो. हा आहे धनेश पक्षी. चोचीवर शिंगासारखा उंचवटा असतो म्हणून काही ठिकाणी त्याला शिंगचोच्याही म्हणतात. इंग्रजीतले नाव हॉर्नबिल. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात पोपट, मोर, चिमणी, कावळा हे सगळे येतात. पण या पक्ष्याच्या संसाराची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर ती बायकांनीच एकमेकींना सांगावी अशी आहे!

चार घरची चार मंडळी

आपल्या महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आढळतात. आपल्या खानदेशात दिसतो तो राखी धनेश. घारीएवढा, साधारण दोन फूट लांबीचा, अंगाने राखाडी, लांब शेपटीचा आणि चोचीवर छोटेसे टोकदार शिंग असलेला. वड, पिंपळ आणि उंबराची जुनी झाडे जिथे टिकून आहेत तिथे, अगदी गावात आणि शहराच्या बागांतही, तो येतो. मुंबई-आग्रा रस्त्याने किंवा भुसावळ-सुरत गाडीने जाताना, पंख फडफडवत आणि मध्येच तरंगत एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे एकामागोमाग एक जाणारी राखी जोडी दिसली, तर ती बहुधा हीच.

पण याची खरी देखणी भावंडे पाहायची तर सह्याद्री उतरून कोकणात जायला हवे. तिथे दाट जंगलात आणि देवरायांत मोठा धनेश राहतो. चोचीपासून शेपटीपर्यंत साडेतीन-चार फूट लांब, पंख पसरले की पाच फूट, वजन तीन किलोच्या आसपास. काळेभोर अंग, पंखांवर पांढरे पट्टे, पांढऱ्या शेपटीवर काळा आडवा पट्टा, पिवळसर मान आणि डोक्यावर हळदीच्या रंगाचा भला थोरला टोप. कोकणात पुष्कळ ठिकाणी लोक त्याला सरळ गरुडच म्हणतात. त्याच्याखालोखाल काळा-पांढरा मलबारी कवड्या धनेश, आणि चौथा मलबारी राखी धनेश. या शेवटच्याच्या चोचीवर शिंगच नसते, आणि त्याचे ओरडणे एखाद्याने खदाखदा हसावे तसे असते. हा मलबारी राखी धनेश पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठे राहत नाही.

हळदीचा रंग आणि लांब पापण्या

आता एक गंमत ऐका. मोठ्या धनेशाच्या मानेचा आणि पंखांवरच्या पट्ट्यांचा जो पिवळा रंग आहे ना, तो मुळातला नाही. ती पिसे खरे तर पांढरीच असतात. शेपटीच्या बुडाशी एक तेलाची ग्रंथी असते. धनेश चोच आणि डोके तिच्यावर घासतो, मग तेच पिवळे तेल मानेला, पंखांना, चोचीला नि टोपाला चोळतो. म्हणजे आपण हळद-चंदन लावावे तसाच प्रकार! आणि ही रंगभूषा एकदा केली की झाले असे नाही. ती रोज करावी लागते. तेल लावणे थांबले की रंग फिका पडतो.

दुसरी गंमत पापण्यांची. पक्ष्यांना सहसा पापणीचे केस नसतात. धनेशाला मात्र लांब, काळ्याभोर, वर वळलेल्या पापण्या असतात. खरे तर ती केसासारखी झालेली पिसेच. काजळ घातल्यासारखा हा डोळा मोठ्या धनेशात नराचा लालबुंद आणि मादीचा पांढुरका असतो. नर-मादी ओळखण्याची हीच सोपी खूण.

एवढा मोठा टोप डोक्यावर घेऊन मान दुखत नाही का, असे तुमच्या मनात आलेच असेल. तो टोप आतून बराचसा पोकळ असतो, त्यामुळे दिसतो तेवढा जड नाही. शिवाय धनेशाच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात. इतर पक्ष्यांत अशी सोय नाही. डोक्यावर हंडा-कळशी घेऊन चालणाऱ्या बाईला मान कशी स्थिर ठेवावी लागते ते आठवा, म्हणजे या सोयीचे मोल कळेल.

आणि त्याचे उडणे? ते आधी ऐकू येते, मग दिसते. त्याच्या पंखांची खालची बाजू इतर पक्ष्यांसारखी लहान पिसांनी पूर्ण झाकलेली नसते. मोठ्या पिसांच्या मधून हवा घुसते आणि जोराचा घुसघुस आवाज होतो. जुन्या कोळशाच्या इंजिनाची आठवण व्हावी असा. रान ओळखणारी माणसे वर न बघताही सांगतात, धनेश गेला म्हणून.

बाळंतिणीची खोली

आता मुख्य गोष्ट. धनेशाची जोडी सहसा टिकून राहते. वीण जवळ आली की नर मादीला फळे आणून देतो, तिच्याशी चोचीला चोच लावतो, आणि दोघे मिळून ढोली पाहत हिंडतात. सुतार पक्ष्यासारखे स्वतः लाकूड कोरणे यांना जमत नाही. जुन्या झाडाची फांदी मोडून, आतून कुजून जी पोकळी तयार होते तीच यांचे घर. एकदा पसंत पडली की तीच ढोली वर्षानुवर्षे वापरतात.

मादी आत शिरते आणि दार लिंपायला घेते. राखी धनेशाचा नर तिला मातीच्या गोळ्या आणून देतो. मोठ्या धनेशाची मादी आपली विष्ठा आणि फळांचा चोथा वापरते. चोच थापीसारखी आडवी फिरवून ती हे सारे दाराच्या कडांना थापत जाते. आपण शेणामातीने भिंत सारवतो ना, अगदी तशी. वाळल्यावर हे लिंपण दगडासारखे घट्ट होते. साप, माकड, रानमांजर यांना आत तोंड घालता येत नाही, आणि दुसरी कोणी धनेशीण ढोली बळकावू शकत नाही.

राखी धनेशाची मादी एक ते पाच अंडी घालते, मोठ्या धनेशाची एक किंवा दोन. मोठ्या धनेशाची अंडी उबायला ३८ ते ४० दिवस लागतात, आणि घरटे लिंपल्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत चार महिन्यांच्या आसपास काळ जातो. या मुक्कामात मादी आपली जुनी पिसे टाकते आणि नवी येऊ देते. पंखांची पिसे गळालेली असताना तिला धड उडताही येत नाही. म्हणजे तो काळ ती सर्वस्वी बाहेरच्या घासावर अवलंबून असते.

आत एवढे दिवस, तर घाण किती होत असेल, असे वाटेल. पण स्वच्छतेत ही बाई कुणाला हार जायची नाही! शेपटी फटीकडे करून ती विष्ठा नेमकी बाहेर टाकते. पिल्लेही थोडी मोठी झाली की हेच शिकतात. झाडाखाली पडलेल्या बिया पावसाने रुजतात. अभ्यासक ढोलीखालची ही रोपे पाहून आत काय काय खाल्ले गेले याचा हिशेब लावतात.

आणि नर? तो दिवसभर खेपा घालतो. वड, पिंपळ, उंबराची फळे गळ्यात साठवून आणतो आणि झाडाच्या खोडाला धरून एक-एक फळ वर काढून फटीतून आत देतो. पिल्ले झाली की फळांबरोबर किडे, सरडे, पालीही आणतो, कारण वाढत्या अंगाला मांसाचे खाणे लागते. पुढे मादी लिंपण फोडून बाहेर येते, आणि मग आत राहिलेली पिल्ले आपले दार आपणच पुन्हा लिंपून घेतात! कुणी शिकवले त्यांना? कुणीच नाही. त्यानंतर आई-बाप दोघेही खेपा घालतात. पिल्लांचे पंख पुरे भरले की ती स्वतः भिंत फोडून बाहेर पडतात.

कोंडले कुणी?

या गोष्टीला एक चुकीचे वळण नेहमी दिले जाते. नर मादीला ढोलीत कोंडून ठेवतो, म्हणजे ती पळून जाऊ नये, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. तसे नाही. दार लिंपण्याचे मुख्य काम मादीचे, आतून. नर फार तर माती पुरवतो. फट किती ठेवायची ते तीच ठरवते आणि पिसे भरून आली की भिंत फोडतेही तीच. कोंडणे आणि दार लावून घेणे यांतला फरक आपल्याला सांगायला नको.

सहज आठवले म्हणून सांगते. मुंबईत १८८३ साली आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन आपले मराठी डॉक्टर होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे ठणकावून सांगून जिने १८८४ पासून कोर्टाची पायरी झिजवली आणि पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाली, तीच ही रखमाबाई. पक्षी-प्राण्यांचा अभ्यास आणि स्त्रियांच्या शिक्षणाची कळकळ त्या काळी अशी एकाच घरात नांदत होती.

या संस्थेचे बोधचिन्ह कोणते, माहीत आहे? मोठा धनेश. त्याला कारणही तसेच. १८९४ मध्ये कारवारहून धनेशाचे एक पिल्लू संस्थेच्या कचेरीत आले. त्याचे नाव ठेवले विल्यम. संस्थेचे चिटणीस फिपसन यांच्या खुर्चीमागे त्याचा मुक्काम असे. २६ वर्षे तो तिथे राहिला आणि १९२० साली गेला. आजही मुंबईत संस्थेच्या इमारतीचे नाव हॉर्नबिल हाऊसच आहे.

रानाचा माळी

धनेश फळे गिळतो ती सबंध. गर पचतो, बी तशीच राहते. मोठी बी तो तोंडावाटे टाकतो, बारीक बी विष्ठेतून जाते. आणि तोवर तो मूळ झाडापासून कितीतरी दूर गेलेला असतो. मोठ्या बियांची जी जंगली झाडे आहेत त्यांची फळे लहान पक्ष्यांच्या गळ्यातून उतरतच नाहीत. त्यांची पुढची पिढी लावायची ती धनेशासारख्यानेच. म्हणून तर त्याला रानाचा माळी म्हणतात. पगार नाही, पेन्शन नाही, आणि सुट्टीही नाही!

आपला राखी धनेश वड-पिंपळ-उंबराशिवाय धामण, शेमट, करवंद यांची फळे खातो. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फळेसुद्धा तो खातो. ती बहुतेक प्राण्यांना विषारी आहेत, तेव्हा तो खातो म्हणून मुलांना हात लावू देऊ नका बरं का!

वड-पिंपळ-उंबराचे महत्त्व इथे लक्षात घ्यायला हवे. ही झाडे सगळी एकाच वेळी फळत नाहीत. एक सरले की दुसरे सुरू होते, आणि रानात दुसरे काही खायला नसते तेव्हाही कुठेतरी एखादा उंबर लगडलेला असतो. वटपौर्णिमेला आपण ज्या वडाला सूत गुंडाळतो, तोच वड या पक्ष्याचे कोठार आहे.

ढोली गेली की घर गेले

आता काळजीची गोष्ट. धनेशाला ढोली लागते, आणि एवढी मोठी ढोली तयार व्हायला झाड जुने, जाडजूड आणि थोडेफार पोखरलेले असावे लागते. आपल्या नजरेत असले झाड म्हणजे पोकळ, निरुपयोगी, धोक्याचे. रस्ता रुंद करायचा, पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. प्लॉट पाडायचे, पहिले ते झाड. त्याच्या जागी दहा रोपे लावली, तरी त्या रोपांत ढोली पडायला आपल्या नातवंडांचीही हयात पुरायची नाही. फळझाडे असूनही ढोलीचे झाड नसेल तर धनेशाची जोडी तिथे संसार मांडू शकत नाही.

दुसरे संकट माणसाच्या समजुतींचे. धनेशाचे तेल सांधेदुखीवर चालते, त्याची चोच घरात असली की धन येते, असल्या समजुतींपायी किती पक्षी मारले गेले. वीण चालू असताना नर मारला, तर मारणाऱ्याला एकच पक्षी दिसतो. पण फटीआड बसलेली मादी घासाची वाट पाहत राहते, आणि पिल्लांचे तर विचारूच नका. एका गोळीत सगळे कुटुंब जाते. मोठ्या धनेशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले आहे, तरी २०१८ पासून जगभरातल्या संकटग्रस्त होऊ घातलेल्या पक्ष्यांच्या यादीत तो गेला आहे.

ज्यांनी मनावर घेतले

पण नुसती हळहळ काय कामाची? थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद नावाच्या बाईंनी १९७८ पासून धनेशांचा अभ्यास चालवला. दक्षिणेकडच्या जंगलात पिल्ले चोरून विकणारे लोक होते. बाईंनी त्यांना पोलिसांच्या हवाली करण्याऐवजी त्यांच्याशी बोलून, घरट्यांच्या राखणीचे काम दिले. शहरातल्या कुटुंबांनी एकेक घरटे दत्तक घेऊन त्याचा खर्च उचलला. २००६ साली त्यांना या कामाबद्दल रोलेक्स पुरस्कार मिळाला.

तसेच काम आपल्या देशात अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला चालते. तिथल्या न्यिशी जमातीत पुरुषांच्या टोपीला धनेशाची चोच लावण्याची चाल. आता खऱ्या चोचीऐवजी फायबरची चोच वापरायला पुष्कळांनी सुरुवात केली, आणि गावातले लोकच घरट्यांची राखण करू लागले. या कामात पुढाकार घेणाऱ्या अपराजिता दत्ता यांना २०१३ साली व्हिटली पुरस्कार मिळाला.

आणि आपल्या सह्याद्रीतले उदाहरण तर घरगुतीच आहे. बेहड्याच्या जुन्या झाडांत मोठा धनेश घरटे करतो. बेहडा म्हणजे त्रिफळ्यातला एक, आवळा नि हिरड्याचा सोबती. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने गावकऱ्यांना बेहड्याची फळे नीट गोळा करून चांगल्या भावाने विकायला मदत केली. झाड एकदा तोडून लाकूड विकण्यापेक्षा दरवर्षी फळे विकणे परवडते, हे पटले की झाडही राहते आणि ढोलीही.

आपल्या हातात काय आहे?

* परसातल्या किंवा गल्लीतल्या जुन्या झाडाची पोकळ फांदी धोक्याची नसेल तर तशीच राहू द्या. धोका असेल तर ती विणीचा काळ, म्हणजे मार्च ते जून, टळल्यावर छाटा.
* नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. शेजारी कुऱ्हाड घेऊन उभा असेल तर आधी हे विचारा.
* ढोली सापडली तर मुलांना लांबून दाखवा. फोटोसाठी खाली गर्दी करू नका. माणसे हलत नाहीत तोवर नर घास घेऊन दूर बसून राहतो आणि आतली उपाशी राहते.
* तेल, चोच, पिसे विकणारा आला तर घेऊ नका. सांधे दुखतात तर डॉक्टरांना दाखवा.
* महिला मंडळाने वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरवला तर गुलमोहोराऐवजी वड, पिंपळ, उंबर, जांभूळ असे एखादे तरी झाड धरा. जागा मात्र भिंतीपासून नि विहिरीपासून लांब निवडा, कारण वड-पिंपळाची मुळे घर उखडतात.
* उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवा. धनेशाला फळांतून पुष्कळसे पाणी मिळते, पण उन्हाने तळमळणारी दुसरी पाखरे तर येतीलच.

यंदा आखाजीला माहेरी गेलात की झोक्यावरून एकदा वर बघा. एखाद्या खोडाला बिलगून बसलेला राखी नर दिसला आणि तो चोचीने खोडात काही ठेवतो आहे असे वाटले, तर समजा की आत कुणाची तरी बाळंतपणाची खोली आहे. घरातल्या थोरांना सांगा, ग्रामपंचायतीत सांगा, की हे झाड ठेवायचे. खोलीतून बाहेर पडायला तिला अजून काही आठवडे हवे आहेत.